शिक्षा न्यायालयाची, जागा सरकारची

२२ जुलै १९०८. रात्रीचे नऊ वाजून गेले होते. मुंबई उच्च न्यायालयात ज्युरीचे नऊ जण आपसांत विचार करून परतले आणि सात विरुद्ध दोन मतांनी त्यांनी लोकमान्य टिळकांना दोषी ठरवले. ज्युरीत सात युरोपीय होते आणि दोन पारशी. न्यायमूर्ती दिनशा दावर यांनी बहुमताचा कौल मान्य केला. हेच दावर अकरा वर्षांपूर्वी, १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात, टिळकांना जामीन मिळावा म्हणून बॅरिस्टर या नात्याने उभे राहिले होते. आता त्यांनी राजद्रोहाच्या दोन आरोपांबद्दल तीन-तीन वर्षांचे काळे पाणी, एक संपल्यावर दुसरे, आणि तिसऱ्या आरोपाबद्दल हजार रुपये दंड अशी शिक्षा सुनावली. दुसऱ्याच दिवशी टिळकांना बावन्न वर्षे पूर्ण होत होती आणि अंगात मधुमेह होता.

ही सहा वर्षे कुठे काढायची, ते मात्र निकालात नव्हते. दावरांच्या हातून ते राहून गेले, असेही नाही. कायद्यानेच त्यांना मनाई केली होती. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे ३६८ वे कलम दोन भागांचे आहे. पहिल्या भागात फाशीची शिक्षा सुनावताना ती कशी द्यायची तेही सांगावे, म्हणजे प्राण जाईपर्यंत गळफास, असे बजावले आहे. लगेच खालच्या ओळीत म्हटले आहे की काळ्या पाण्याची शिक्षा देताना कैद्याला कोणत्या ठिकाणी पाठवायचे ते निकालात लिहू नये. फाशीच्या दोराचा उल्लेख करायचा, पण बेटाचे किंवा तुरुंगाचे नाव घ्यायचे नाही. किती वर्षे, हे न्यायाधीशाने सांगावे. कुठे, हे सरकार बघून घेईल.

ही वाटणी मला कधीच न्याय्य वाटलेली नाही. तुरुंगात असलेल्या माणसाला ‘किती’ इतकाच ‘कुठे’ हा प्रश्न छळतो. घर किती लांब, आईला एवढा प्रवास झेपेल का, हवा सोसेल का, बोलायला आपल्या भाषेचे कुणी असेल का, हे सगळे त्या एका शब्दावर अवलंबून असते. वर्षांचा हिशोब उघड्या न्यायालयात, वकिलांच्या युक्तिवादानंतर होतो, त्यावर अपील करता येते. ठिकाणाचा हिशोब मात्र फायलीत होतो. आपल्याकडे दीडशे वर्षांहून अधिक काळ हे असेच चालत आले आहे आणि त्याच्या खुणा महाराष्ट्राच्या इतिहासात जागोजाग आहेत.

टिळकांच्याच बाबतीत पाहा. १८९७ साली न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी त्यांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी दिली होती. ती डोंगरी, भायखळा आणि येरवडा इथे भोगून झाली. पुढच्याच वर्षी सरकारने राजद्रोहाचे १२४-अ हे कलम नव्याने लिहिले. त्यात न्यायाधीशापुढे दोन वाटा ठेवल्या: एक तर जन्मठेपेचे किंवा त्याहून कमी मुदतीचे काळे पाणी, नाहीतर जास्तीत जास्त तीन वर्षांची कैद. दावरांनी पहिली वाट धरली. ती धरताच टिळक न्यायालयाच्या हातून निसटून सरकारच्या हाती गेले, कारण काळ्या पाण्याचे ठिकाण नेमण्याचा अधिकार सरकारचा होता.

त्याच रात्री खास गाडीने त्यांना अहमदाबादला, साबरमतीच्या तुरुंगात नेले. इकडे मुंबईतल्या गिरणी कामगारांनी सहा वर्षांच्या शिक्षेला सहा दिवसांच्या संपाने उत्तर दिले. साबरमतीचा मुक्काम दोनच महिन्यांचा ठरला. सरकारने अंदमान टाळले, काळे पाणी साध्या कैदेत बदलले, दंडही माफ केला आणि सप्टेंबरात बोटीने त्यांना रंगूनमार्गे मंडालेला पोचवले. अंदमानच्या मानाने ही सवलत होती, हे नाकारता येत नाही. पण ती कुणी मागितली, कुणापुढे मांडली, दुसरी बाजू कुणी ऐकली, असे काहीच घडले नाही. न्यायालयाने दिलेल्या शिक्षेचे स्वरूप आणि तिचे ठिकाण, दोन्ही एका सरकारी निर्णयाने पालटले.

मंडाले म्हणजे वरच्या ब्रह्मदेशातले, इंग्रजांनी घेतलेले राजधानीचे शहर. तुरुंग जुन्या किल्ल्याच्या आवारात. बराकींना पक्क्या भिंती नव्हत्या, लाकडाच्या उभ्या दांड्यांचा पिंजराच तो. उन्हाळ्यात धूळ आणि झळा सरळ आत येत, थंडीत वारा. स्वयंपाकाला कुलकर्णी आडनावाचा एक मराठी कैदी दिला होता, तेवढीच मराठी कानावर पडायची. त्या लाकडी खोलीत, १९१०-११ च्या हिवाळ्यात, टिळकांनी पेन्सिलीने गीतारहस्य लिहून काढले. १९१२ च्या जूनमध्ये पुण्यात सत्यभामाबाई गेल्या. येरवडा त्यांच्या घरापासून काही कोसांवर होते. तिथल्या कैद्याच्या बायकोला नवऱ्याला डोळे भरून पाहता तरी येते. मंडालेचे तसे नव्हते. या वियोगाबद्दल दावरांच्या निकालात एक अक्षर नाही आणि शिक्षेच्या कोणत्याही हिशोबात तो धरलेला नाही.

टिळकांच्या आधी, मे १९०७ मध्ये, लाला लजपतराय यांनाही मंडालेलाच नेले होते, आणि तेही खटल्याशिवाय, १८१८ च्या तिसऱ्या रेग्युलेशनखाली. पुढे १९२५ मध्ये सुभाषचंद्र बोस यांना खटला न चालवताच तिथे पाठवले गेले. लोकमान्य राहिले त्या तुरुंगात आपण आहोत, याचा त्यांना अभिमान वाटला. एकाला न्यायालयाने शिक्षा दिली होती, दोघांना कोणत्याही न्यायालयाने दिली नव्हती, पण तिघे मंडालेलाच पोचले. ठिकाणाचा निर्णय न्यायालयाबाहेर होत होता, याचा याहून ठळक पुरावा कोणता हवा!

टिळक जन्मले रत्नागिरीत. ते मंडालेच्या किल्ल्यात कैद होते त्या सगळ्या काळात मंडालेचा शेवटचा राजा थिबा रत्नागिरीत नजरकैदेत होता. १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडाले घेतले, राजाला आधी मद्रासला आणि १८८६ मध्ये रत्नागिरीला आणले. त्याच्यासाठी समुद्राकडे तोंड करून राजवाडा बांधला. थिबा तिथेच १९१६ च्या डिसेंबरात वारला. तीस वर्षे त्याने परक्या भाषेच्या, परक्या पावसाच्या गावी काढली. त्याच्यावर कधी कुठलाही खटला चालला नव्हता. रत्नागिरीचा माणूस मंडालेत आणि मंडालेचा राजा रत्नागिरीत, ही अदलाबदल एकाच सरकारच्या कारभारात झाली. माणसाला त्याच्या माणसांपासून तोडायचे असेल तर त्याला समुद्रापलीकडे न्यावे, हे या सरकारने फार आधी ओळखले होते.

कंपनीच्या राजवटीत तर त्यासाठी नकाशाच तयार होत गेला. १७८७ मध्ये सुमात्रा बेटावरच्या बेंकुलेनला हिंदी कैदी जाऊ लागले, १७९० पासून पेनांगला, १८१५ पासून मॉरिशसला, १८२५ पासून सिंगापूरला. शिवाय आराकान आणि तेनासरीम. मुंबई इलाख्यातले कैदीही या वसाहतींत जात. सिंगापूरचे सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल हिंदी कैद्यांच्या मजुरीतून उभे राहिले.  कुठल्या वसाहतीला मजूर कमी पडतात, कुठे जंगल तोडायचे आहे, कुठे रस्ता काढायचा आहे, यावर कैद्याचे ठिकाण ठरे. गुन्ह्याशी त्याचा संबंध नव्हता. चोरीत सापडलेला आणि खुनात सापडलेला, दोघे एकाच गलबतात बसत.

१८५७ नंतर कैद्यांची संख्या फुगली. १० मार्च १८५८ रोजी डॉ. जे. पी. वॉकर दोनशे कैदी घेऊन पोर्ट ब्लेअरला उतरला आणि अंदमान हे काळ्या पाण्याचे मुख्य ठिकाण झाले. दोन वर्षांनी, १८६० मध्ये, भारतीय दंड संहिता आली आणि तिच्या ५३ व्या कलमात काळे पाणी ही फाशीखालोखालची शिक्षा म्हणून नोंदली गेली. ५६ वे कलम मात्र वाचणाऱ्याला थांबायला लावते. युरोपीय आणि अमेरिकन गुन्हेगारांना काळे पाणी द्यायचे नाही, त्यांना त्याऐवजी वेगळी सश्रम कैद द्यायची, असे त्यात म्हटले होते. त्याच गुन्ह्यासाठी, त्याच न्यायालयात, कातडीच्या रंगावरून कोण समुद्र ओलांडणार आणि कोण नाही हे ठरे. ठिकाण ही शिक्षेची किरकोळ बाब आहे, असे मानणाऱ्यांनी हे कलम जरूर वाचावे. राज्यकर्त्यांनी तसे कधीच मानले नव्हते. म्हणून तर आपल्या रक्ताच्या माणसांना त्यातून वगळले.

काळे पाणी म्हणजे अंदमान, असे आपण सरसकट धरून चालतो. वासुदेव बळवंत फडके यांची कहाणी तसे सांगत नाही. १८७९ च्या जुलैत फडके पकडले गेले. पुण्याच्या सेशन्स कोर्टात खटला चालला. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, आणि महादेव चिमणाजी आपटे त्यांच्या बाजूने उभे राहिले. त्या काळी, त्या शहरात, हे धैर्याचे काम होते. शिक्षा झाली जन्मठेप काळ्या पाण्याची. इथेही न्यायाधीशाने ठिकाण सांगितले नाही. सरकारने निवडले एडन. एडन तेव्हा मुंबई इलाख्याच्या कारभारात होते, १९३२ पर्यंत ते तसेच राहिले. म्हणजे मुंबई सरकारला दुसऱ्या कुणाला विचारायचीही गरज नव्हती. आपल्याच इलाख्यातला एक रखरखीत कोपरा काढला आणि त्यात सह्याद्रीच्या रानात वाढलेला माणूस नेऊन ठेवला.

१८८० च्या जानेवारीत फडके एडनला पोचले. ऑक्टोबरात त्यांनी तुरुंग फोडला. कोठडीचे दार बिजागरीतून निखळून ते बाहेर पडले, असे सांगतात. पण बाहेर पडून जायचे कुठे? पुण्याच्या परिसरात त्यांना रामोशी, कोळी, शेतकरी ओळखत होते, लपवायला माणसे होती, डोंगर होते. एडनच्या वाळवंटात यातले काही नव्हते. काही मैलांवर ते पुन्हा पकडले गेले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तिथेच त्यांचा अंत झाला, वयाच्या अडतिसाव्या वर्षी. एडनची उंच भिंत नसती तरी चालले असते. तो मुलूखच भिंत होता.

सावरकर बंधूंच्या बाबतीत ठिकाण अंदमानच ठरले. बाबाराव १९०९ मध्ये शिक्षा होऊन गेले. विनायकरावांना उच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या विशेष न्यायाधिकरणाने २४ डिसेंबर १९१० रोजी एक जन्मठेप दिली आणि ३० जानेवारी १९११ रोजी दुसरी. दोन्ही मिळून पन्नास वर्षे. डोंगरी, भायखळा आणि ठाणे असे तुरुंग करीत ४ जुलै १९११ रोजी ‘महाराजा’ बोटीतून ते पोर्ट ब्लेअरला उतरले. कैद्यांच्या अशा तुकडीला तुरुंगात ‘चलान’ म्हणत. चलान निघण्याआधी डॉक्टर वय आणि प्रकृती पाहत. अंदमानला कोण जाणार आणि इथे कोण राहणार, याचा शेवटचा कौल पुष्कळदा त्या तपासणीत लागे. विनायकरावांच्या बिल्ल्यावर सुटकेचे साल होते १९६०.

माझ्या मते पोर्ट ब्लेअरच्या त्या सेल्युलर जेलची खरी शिक्षा कोलूत किंवा काथ्या कुटण्यात जेवढी होती तेवढीच तिच्या अंतरात होती. वर्षाला एक पत्र. भेट म्हणाल तर विनायकरावांच्या पत्नी यमुनाबाई आणि धाकटे बंधू नारायणराव यांना आठ वर्षांनी, १९१९ मध्ये, तिथे जाता आले. बाबारावांच्या पत्नी येसूवहिनी ती वाट पाहतच गेल्या. त्यांच्या नवऱ्याला न्यायालयाने जन्मठेप दिली होती. येसूवहिनींना कुणी कसली शिक्षा दिली होती? इतिहास लिहिताना आपण कैद्यांचे हाल सविस्तर सांगतो, आणि ते सांगायलाच हवेत. पण ठिकाणाची शिक्षा घरच्यांना होते आणि तिची नोंद कोणत्याच निकालपत्रात नसते. दोघे भाऊ १९२१ मध्ये परत देशात आणले गेले, तेही सरकारच्याच निर्णयाने. १९२४ च्या जानेवारीत विनायकराव सुटले ते रत्नागिरी जिल्ह्याची हद्द न ओलांडण्याच्या अटीवर. ती अट वाढत वाढत १९३७ पर्यंत चालली.

देशात परत आणण्यामागे एक मोठा धोरणबदल होता. सर अलेक्झांडर कार्ड्यू यांच्या अध्यक्षतेखाली १९१९-२० मध्ये तुरुंग समिती बसली. तिने देशोदेशीचे तुरुंग पाहिले, अंदमानही पाहिले, आणि कैद्यांना तिथे पाठवणे बहुतांशी बंद करावे असे सुचवले. सरकारने १९२१ मध्ये तसे जाहीरही केले. मात्र त्याच वर्षी मलबारमध्ये उठाव झाला आणि मोपला कैद्यांची जहाजे अंदमानकडे निघाली. देशातले तुरुंग भरले होते, तिकडे जागा होती. १९३२ मध्ये बंगालच्या क्रांतिकारकांना सेल्युलर जेलमध्ये पाठवायला पुन्हा सुरुवात झाली. १९३३ च्या उपोषणात महावीर सिंग, मोहित मोइत्रा आणि मोहन किशोर नामदास यांचे प्राण गेले. १९३७ मध्ये दुसरे मोठे उपोषण झाले, देशभर सभा झाल्या, आणि १९३८ च्या जानेवारीपर्यंत राजकीय कैदी परत आणले गेले. सोळा-सतरा वर्षे धोरण असे मागे-पुढे होत राहिले. या सगळ्यात एकदाही कुठल्या न्यायाधीशाने अमुक कैद्याला अंदमानला नेऊ नका, असे म्हटल्याचे दिसत नाही. लोकांनी आंदोलन केले, कैद्यांनी जीव दिला, तेव्हा ठिकाण बदलले.

मग प्रश्न आला तो असा. काळ्या पाण्याची शिक्षा कायद्यात आहे, न्यायालये ती देत आहेत, पण समुद्रापलीकडे न्यायला ठिकाणच उरलेले नाही. १९४२ च्या मार्चमध्ये तर जपान्यांनी अंदमान घेतले. अशा कैद्याला देशातल्याच तुरुंगात ठेवले तर ती शिक्षा कायदेशीर ठरते का? भगतसिंगांच्या लाहोर कटाच्या खटल्यात १९३० मध्ये जन्मठेप काळे पाणी झालेले किशोरीलाल यांचे प्रकरण थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे गेले. महायुद्धाच्या शेवटच्या टप्प्यात कौन्सिलने निर्णय दिला: काळ्या पाण्याचा कैदी समुद्रापलीकडे गेलाच पाहिजे असे नाही. अंदमानला पाठवावा किंवा सरकारने नेमलेल्या देशातल्या तुरुंगात ठेवावा, दोन्ही चालेल. तसे ठेवल्यास त्याला सक्तमजुरीच्या कैद्यासारखे वागवावे. शिक्षेच्या नावातच जे ठिकाण होते तेही आता बंधनकारक राहिले नाही. सरकारची निवड तेवढी कायम राहिली.

स्वातंत्र्यानंतर १९५५ च्या २६ व्या अधिनियमाने काळे पाणी कायद्यातून पुसले आणि १ जानेवारी १९५६ पासून त्याच्या जागी जन्मठेपेची कैद आली. राजद्रोहाच्या कलमातली ‘त्याहून कमी मुदतीचे काळे पाणी’ ही मधली पायरीही गेली. उरली एकीकडे जन्मठेप आणि दुसरीकडे तीन वर्षे. १९०८ ची सहा वर्षांची शिक्षा १९५६ नंतर त्या कलमाखाली देताच आली नसती.

जुन्या शिक्षेचे कैदी मात्र तुरुंगात होते. गांधीहत्येच्या खटल्यात १९४९ मध्ये जन्मठेप काळे पाणी झालेले गोपाळ गोडसे आधी पंजाबच्या तुरुंगात होते, १९५० मध्ये त्यांना नाशिक रोडला आणले. मिळालेली सूट धरली तर वीस वर्षे भरून गेली, आता सोडा, असे म्हणत त्यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. १२ जानेवारी १९६१ रोजी न्यायालयाने तो फेटाळला. निर्णय न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी लिहिला. जन्मठेप म्हणजे उरलेले सगळे आयुष्य, वीस वर्षांचा हिशोब केवळ ठरावीक कामापुरता, आणि त्याआधी सोडायचे असेल तर तो अधिकार सरकारचा. गोडसे १९६४ मध्ये सुटले. त्या गुन्ह्याबद्दल माझ्या मनात यत्किंचित सहानुभूती नाही. तरी निर्णयाचा परिणाम नोंदवायला हवा. ‘कुठे’ आधीपासूनच सरकारकडे होते. जन्मठेपेपुरते ‘किती’ हेही बरेचसे सरकारकडे गेले. कायदा म्हणून निर्णय बरोबर असेल, पण न्यायासनाच्या हाती आता उरले काय, असा प्रश्न तो वाचून पडतो.

या सगळ्यात एक उजळ पान आहे आणि ते आपल्याच सांगली जिल्ह्यातले आहे. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या सहकार्याने १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवले. कैद्यांनी बायका-मुलांसह राहायचे, शेती करायची, कुंपण नाही. व्ही. शांताराम यांच्या १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’ला प्रेरणा इथलीच. फडक्यांना एडनला नेणाऱ्यांनी ठिकाण तोडण्यासाठी वापरले, औंधने ते जोडण्यासाठी वापरले. अधिकार दोन्हीकडे राज्यकर्त्याचाच होता. चांगल्या राजाच्या हाती तो आला म्हणून स्वतंत्रपूर झाले. पण कैद्याचे नशीब राजाच्या चांगुलपणावर टाकून चालत नाही.

आजचा कायदा १८९८ पासून फार दूर आलेला नाही. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ४१७ वे कलम होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते ४५७ वे आहे. कैद्याला कोणत्या ठिकाणी ठेवायचे ते राज्य सरकार ठरवील, हाच त्याचा आशय. न्यायालय तुरुंगाधिकाऱ्याच्या नावे वॉरंट काढते, पुढे त्याला कुठे हलवायचे हे कारागृह प्रशासन बघते. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायचे तर १९५० च्या कैदी स्थलांतर कायद्याखाली दोन्ही सरकारांची संमती लागते. कैद्याची लागत नाही. परदेशी तुरुंगातल्या भारतीयाला इथे आणण्यासाठी २००३ चा कायदा आहे. त्यात मात्र कैद्याने स्वतः अर्ज करावा लागतो. लंडनहून मुंबईला येताना ज्याला विचारतात, त्याला मुंबईहून नागपूरला नेताना विचारत नाहीत.

न्यायालयांनी या बाबतीत काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तिहारच्या सुनील बत्रा या कैद्याने दुसऱ्या कैद्याच्या छळाबद्दल सर्वोच्च न्यायालयाला चिठ्ठी लिहिली. डिसेंबर १९७९ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यावर दिलेला निकाल तुरुंगाच्या इतिहासातला मैलाचा दगड आहे. शिक्षेसारखा परिणाम करणारी बदली सेशन्स न्यायाधीशाच्या पडताळणीशिवाय करू नये, तातडी असेल तर दोन दिवसांत त्याला कळवावे, असे त्यात स्पष्ट सांगितले आहे. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच बिहारच्या एका राजकीय पुढाऱ्याला पाटण्याच्या बेऊर तुरुंगातून तिहारला हलवले. तुरुंगात बसून तो कायदा धाब्यावर बसवत होता, म्हणून न्यायालयाने स्वतः ठिकाण ठरवले. ठिकाण न्यायालयाने ठरवणे अशक्य आहे, हा युक्तिवाद त्या दिवशी निकालात निघाला.

महाराष्ट्रापुरते सांगायचे तर नोव्हेंबर २०१२ चा निर्णय सर्वांत महत्त्वाचा. २००६ च्या मुंबई लोकलमधल्या बॉम्बस्फोटांच्या खटल्यातल्या आरोपींना २००८ मध्ये आर्थर रोडवरून राज्यातल्या दुसऱ्या तुरुंगांत हलवले गेले. त्या वेळी बळाचा वापर झाल्याची तक्रार झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचले. खटला चालू असलेल्या कैद्याला हलवायचे तर संबंधित न्यायालयाची परवानगी हवी, आणि ती नुसत्या सहीने न देता कैद्याचे म्हणणे ऐकून, विचार करून द्यावी, असे न्यायालयाने ठरवले. निर्णय योग्यच आहे. पण तो खटला चालू असलेल्यांपुरता. शिक्षा लागली की कैदी पुन्हा सरकारच्या हाती. बत्रा निकालाचे संरक्षण ‘शिक्षेसारख्या’ बदलीला आहे, आणि गर्दी कमी करण्यासाठी केलेली बदली प्रशासनाच्या लेखी शिक्षा नसते. सिंधुदुर्गातल्या म्हाताऱ्या आईला मुलाला पाहायला नागपूरला जावे लागले तर तिच्या लेखी ती काय असते? रोजंदारी बुडवून दोन दिवसांचा प्रवास, आणि जाळीपलीकडून काही मिनिटांची मुलाखत. व्हिडीओवरून बोलण्याची सोय आता झाली आहे, ती चांगली आहे, पण ती भेटीची जागा घेत नाही. घराशी दुवा टिकलेला कैदी सुटल्यावर घरी जातो, हे तुरुंगात काम केलेला कुणीही सांगेल.

म्हणून एवढीच मागणी आहे, आणि ती फार मोठी नाही. शिक्षेची मुदत ठरवताना न्यायालय आरोपीला त्याचे म्हणणे विचारते. त्याच वेळी त्याचे घर कुठे, कुटुंबात कोण, प्रकृती कशी, हेही विचारावे आणि शक्य तितक्या जवळचा तुरुंग निकालातच लिहावा. सुरक्षेसाठी किंवा गर्दीमुळे नंतर बदलायचा असेल तर कारणे लेखी द्यावीत, कैद्याला ऐकावे आणि जिल्ह्याच्या सेशन्स न्यायाधीशाने त्यावर निर्णय द्यावा. यासाठी ४५७ व्या कलमात दोन ओळींची भर पुरेशी आहे. ती घालण्याचे काम संसदेचे. तोवर राज्य सरकारला आपल्या कारागृह नियमांत हा बदल आजही करता येईल, आणि महाराष्ट्राने तो सर्वांत आधी करावा.